ब्लाउज मापाचा, ब्रा अंदाजाची

ब्लाउज शिवायला टाकताना आपल्याकडच्या बायका किती चोखंदळ असतात, ते कुठल्याही लेडीज टेलरला विचारावं. छाती, कंबर, दंडाचा घेर, बाहीची लांबी, पुढचा गळा, मागचा गळा, टक्स कुठे यायला हवेत, हे सगळं वहीत उतरवून घेतलं जातं. शिवाय मापाचा म्हणून एक जुना ब्लाउज सोबत द्यायचा. एवढं करूनही काखेत चुणी पडली तर ब्लाउज परत जातो, उसवला जातो, शिवणीत ठेवलेल्या मायेतून अर्धा इंच सोडवून घेतला जातो. हीच बाई त्या ब्लाउजच्या आत घालायची ब्रा घ्यायला जाते तेव्हा काउंटरवर हलक्या आवाजात एक आकडा सांगते, चौतीस किंवा छत्तीस. दुकानदार खोका काढतो, रंग विचारतो, कागदात गुंडाळून देतो, दोन मिनिटांत काम आटोपतं. जो कपडा अंगाला सगळ्यात लागून आणि दिवसाचे दहा-बारा तास असायचा, तोच न मोजता आणि न घालून बघता घेतला जातो. मग पट्टे खांद्यात रुतले, पाठीवर काच पडला, हात वर केला की सगळं सरकलं, तर बोल लावला जातो तो स्वतःच्या अंगाला: ‘माझी छातीच तशी आहे.’ अंगाला दोष देण्याआधी त्या आकड्याकडे आणि तो विकण्याच्या रीतीकडे बघायला हवं, असं मला वाटतं. आणि त्यावरचा उपाय आपला ‘खरा नंबर’ एकदाचा शोधून काढणं एवढाच नाही. नीट बसलेली ब्रा कशी असते ते ओळखता येणं महत्त्वाचं, आणि चांगल्या फिटरकडून, म्हणजे ब्रा अंगावर नीट बसते का ते बघून देणाऱ्या जाणकार बाईकडून, घ्यायचं ते हेच.

आधी आकड्याचं बघू. नुसतं ‘चौतीस’ हे अर्धवट माप आहे. ब्राच्या मापाला दोन अंगं असतात: छातीच्या खालच्या घेरावर बसणारा पट्टा, त्याचा आकडा, आणि कप, त्याचं अक्षर. हे अक्षर म्हणजे स्तनांचा आकार नव्हे. छातीचा सगळ्यात भरलेला घेर आणि पट्ट्याचा आकडा यांच्यात किती इंचांचा फरक आहे, तेवढंच ते सांगतं: एक इंच म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी, चार म्हणजे डी. ‘डी’ म्हटलं की भलीमोठी छाती डोळ्यांपुढे येते, पण खालचा घेर २८ आणि छाती ३२ असलेली सडपातळ मुलगीही या हिशेबाने डीच. २८च्या पट्ट्यावरचा डी आणि ४०च्या पट्ट्यावरचा डी यांत मोठं अंतर आहे, कारण पट्टा बदलला की त्याच अक्षराचा कपही लहानमोठा होतो. ३२ सी, ३४ बी आणि ३६ ए या तिघींच्या कपांत साधारण सारखंच मावतं. म्हणून पट्टा एक घर खाली आणला तर अक्षर एक घर वर न्यावं लागतं, हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा नियम.

ही अक्षरं काही फार पुरातन नाहीत. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब यांना त्यांच्या ब्रेसियरचं अमेरिकी पेटंट नोव्हेंबर १९१४मध्ये मिळालं आणि पुढे ते त्यांनी वॉर्नर या कॉर्सेट बनवणाऱ्या कंपनीला विकलं. ए-बी-सी-डी ही कपांची अक्षरं अमेरिकी कंपन्यांनी आणली ती १९३०च्या दशकात. खालच्या घेरात चार-पाच इंच मिळवून पट्ट्याचा आकडा काढायचा, ही रीतही जुन्या काळातली. त्या वेळचं कापड आजच्याइतकं ताणलं जात नसे, त्यामुळे ती खपून जाई, असं सांगितलं जातं. आज पट्ट्यात भरपूर इलॅस्टिक असतं, तरी कितीतरी तक्त्यांत ही बेरीज चालूच आहे. एक उदाहरण करून बघण्यासारखं आहे. खालचा घेर ३० इंच, छाती ३६ इंच. चार मिळवले तर पट्टा ३४, फरक दोन इंचांचा, म्हणजे ३४ बी. काहीच मिळवलं नाही तर पट्टा ३०, फरक सहा इंचांचा, म्हणजे ब्रिटिश पद्धतीने (डीनंतर डीडी, मग ई) ३० ई. बाई तीच, टेप तोच, आणि दोन उत्तरांत पट्ट्याचं चार इंचांचं अंतर. बरं, ही दोन्ही मापं एकाच कपची दोन नावं असती तरी ठीक होतं. पण ३४ बीच्या बरोबरीचा कप ३०च्या पट्ट्यावर डी होतो, ई नव्हे. म्हणजे दुसऱ्या हिशेबाने कप दोन घरांनी मोठा निघाला.

यातलं कुठलं खरं? लगेच उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही. एखाद्या कंपनीने ३४ असं लिहिलेला पट्टा तीस इंची अंगासाठीच बेतलेला असेल, तर त्या कंपनीपुरतं पहिलं उत्तरही चालतं. दुसऱ्या कंपनीची ३४ त्याच अंगावर सैल पडेल. देश बदलला की गोंधळ आणखी वाढतो: ब्रिटनमधली ३४ ही युरोपात बऱ्याच ठिकाणी ७५, फ्रान्समध्ये ९० आणि ऑस्ट्रेलियात १२ होते. डीडीच्या पुढे ब्रिटिश आणि अमेरिकी अक्षरंही एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे परदेशातल्या बहिणीकडून ‘माझ्याच मापाची’ म्हणून मागवलेली ब्रा इथे आल्यावर भलतीच निघते. आकडा हा त्या त्या कंपनीपुरता आहे, एवढं धरून चाललं की बरीच निराशा वाचते.

टेपवर किती विसंबावं, याची तपासणी झालेली आहे. ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात स्तनांना मिळणाऱ्या आधाराविषयी संशोधन करणारा एक गट बरीच वर्षं काम करतो आहे. त्या गटाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४५ स्त्रियांची मापं दोन प्रकारे घेतली: एकदा रूढ पद्धतीने टेप लावून, आणि एकदा अनुभवी फिटर ज्या खुणा बघतात त्या बघून, म्हणजे ब्रा अंगावर घालून. टेपने ७६ टक्के जणींचा पट्टा गरजेपेक्षा मोठा सांगितला आणि ८४ टक्के जणींचा कप गरजेपेक्षा लहान. ऑस्ट्रेलियातल्या वलँगाँग विद्यापीठाच्या २०१०च्या अभ्यासात १०४ स्त्रियांपैकी ८५ टक्के जणींची ब्रा नीट बसत नव्हती. त्याआधी २००८ साली १८ ते २६ वयाच्या तीस तरुणींच्या एका लहानशा अभ्यासात ८० टक्के जणी चुकीच्या मापाची ब्रा घालताना आढळल्या, त्याही बहुतेक गरजेपेक्षा लहान मापाची.

‘ऐंशी टक्के बायका चुकीची ब्रा घालतात’ हे वाक्य जाहिरातींत इतकं फिरलं आहे की ते ऐकून कान किटावेत. मला त्याबद्दल थोडी शंका घ्यावीशी वाटते. तीस, पंचेचाळीस, शंभर म्हणजे काही जगातल्या सगळ्या बायका नव्हेत. आणि ‘बरोबर’ कशाला म्हणायचं हे फिटरच्याच निकषांवर ठरलेलं असेल, तर त्या निकषांत बरेच लोक नापास होणारच. पण टक्केवारी बाजूला ठेवली तरी पोर्ट्समथच्या अभ्यासातली चुकीची दिशा कामाची आहे: पट्टा मोठा, कप लहान. चूक दोन्हीकडे विखुरलेली असती तर त्यातून काही शिकण्यासारखं नव्हतं. एकाच बाजूला झुकलेली आहे म्हटल्यावर ती कुठून दुरुस्त करायला सुरुवात करायची, हे कळतं.

नीट बसणाऱ्या ब्राने काय काय साधतं, याबद्दलही हात राखून बोलायला हवं. तीस तरुणींच्या त्याच अभ्यासात पाठीच्या वरच्या भागातलं दुखणं आणि ब्राचं माप यांचा संबंध काही दिसला नाही. त्यामुळे ‘ब्रा बदला, पाठदुखी पळवा’ असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं. ब्रामुळे स्तनांचा कर्करोग होतो ही अफवाही अधूनमधून मोबाइलवर फिरते. अमेरिकेत सिअॅटलच्या फ्रेड हचिन्सन संशोधन केंद्राने २०१४ साली रजोनिवृत्तीनंतरच्या दीड हजाराहून थोड्या अधिक स्त्रियांची माहिती तपासून असा संबंध आढळत नसल्याचं सांगितलं, त्यात तारेची ब्राही आली. बाळाला पाजल्याने स्तन ओघळतात ही समजूत तर घराघरात आहे. केंटकी विद्यापीठातल्या शल्यविशारदांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वय, वजन, गरोदरपणांची संख्या आणि धूम्रपान यांचा संबंध दिसला, पाजण्याचा दिसला नाही. आणि ज्यांना ब्रा घालायचीच नसेल त्यांनी घालू नये. घरात सैल कुडत्यात वावरणाऱ्या बाईचं त्यावाचून काही अडत नाही. हे सगळं मान्य केल्यावर उरतं ते साधंच आहे, पण थोडं नाही: खांद्यावरचे वळ, काखेशी टोचणारी तार, आपल्या दमट हवेत स्तनांखाली साचणारा घाम आणि पुरळ. पळताना तर स्तन नुसते वरखाली होत नाहीत, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागेही हलतात, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे. तो त्रास टाळण्यासाठी कितीजणी व्यायामच टाळत असतील.

आता फिटर नेमकं काय बघते? टेप ती लावते, पण तो सुरुवातीपुरता. लंडनचं रिग्बी अँड पेलर हे दुकान अनेक दशकं राणी एलिझाबेथ यांच्याकडे अंतर्वस्त्रं पुरवत असे, आणि तिथली ख्याती टेप न लावता नजरेने माप ओळखण्याची. जाणकार फिटर आधी पाठ बघते. पट्टा पाठीवर आडव्या सरळ रेषेत आहे की मध्यभागी वर चढला आहे? बहुतेक तक्रारींचं मूळ इथे सापडतं. पट्टा सैल असला की तो पाठीवर वर सरकतो. मागून वर गेला की पुढून कप खाली झुकतात. झुकले की आपण खांद्याचे पट्टे आवळतो. आवळले की ते मागचा पट्टा आणखी वर ओढतात. शेवटी सगळं वजन दोन बोटांएवढ्या रुंदीच्या पट्ट्यांवर येतं आणि खांद्यात खाचा पडतात. बाईला वाटतं, छाती जड आहे. खरं तर जो भार छातीखालच्या घेराने उचलायचा तो खांदे उचलत असतात. म्हणून नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर घट्ट बसायला हवी. महिने जातील तसं इलॅस्टिक ढिलं पडेल, तेव्हा आतली हुकं कामी येतात. दुकानात आतल्या हुकावर नीट बसणारी ब्रा घरी आणली तर ढिली पडल्यावर पुढे जायला जागाच राहत नाही.

पट्टा एकटाच तपासायचा सोपा मार्ग आहे: ब्रा फिरवून, कप पाठीकडे आणि हुक पुढे, अशी लावून बघावी. कप मध्ये आले नाहीत की पट्टा खरोखर घट्ट आहे की नाही ते कळतं. अशी लावून आरामात बसणारी ब्रा सरळ घातल्यावर मात्र छाती दाबू लागली, तर दोष पट्ट्याचा नसून कपचा. कप लहान असल्याने तो पट्ट्याचा घेर खाऊन टाकतो. कितीतरी जणी याच वेळी ‘घट्ट होतेय’ म्हणून ३४च्या जागी ३६ घेतात आणि वर सांगितलेल्या चक्रात अडकतात. मग कपकडे वळायचं. थोडं पुढे वाकून काखेच्या बाजूचा भाग हाताने कपात घ्यावा, मग सरळ उभं राहावं. वरच्या कडेवरून फुगवटा आला आणि ब्लाउजवरून एका बाजूला दोन गोलाई दिसू लागल्या तर कप लहान. तार असेल तर ती स्तनाच्या मुळाशी, बरगड्यांवर टेकायला हवी, स्तनाच्या मांसावर नव्हे. दोन कपांमधला भाग छातीला चिकटून असावा, पुलासारखा तरंगत नसावा. कपात पोकळी राहिली की तो मोठा, असं मात्र लगेच ठरवू नये; खालून भरलेल्या स्तनांवर वरून भरलेला कप नीट बसत नाही, तिथे माप तेच ठेवून घाट बदलायला हवा. जाड पॅडच्या ब्राला स्वतःचाच आकार असतो, त्यामुळे तिच्यात सगळं ठाकठीक दिसतं आणि चूक झाकली जाते. दोन स्तन सारखे नसणं ही नेहमीची गोष्ट. माप मोठ्याचं घ्यायचं. शेवटी हात वर करावेत, बसून बघावं, आणि ज्या कपड्याखाली ती घालायची तो वर घालून बघावा.

‘हे सगळं शहरातल्या मॉलमध्ये ठीक आहे, आमच्या गावच्या होजिअरीच्या दुकानात कोण करू देतं?’ हा आक्षेप रास्त आहे. तिथे काउंटरपलीकडे बहुधा पुरुष, ट्रायल रूम नाही, आणि ‘आतले कपडे बदलून मिळणार नाहीत’ अशी पाटी. लाजेचं काय ते ऑनलाइन दुकानांनी हलकं केलं. रिचा कर यांनी २०११ साली झिवामे हे असंच ऑनलाइन दुकान सुरू केलं तेव्हा त्यांच्यासमोर हीच अडचण होती. पण घरबसल्या मागवणं म्हणजे पुन्हा आकड्यावर विसंबणं. ट्रायल रूमची भीतीही हवेतली नाही. २०१५ साली तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांनी गोव्यात कांदोळी इथल्या एका दुकानात कपडे बदलण्याच्या खोलीकडे कॅमेरा रोखलेला असल्याची तक्रार केली, तेव्हा ती भीती देशभर बोलली गेली. चोरून असं चित्रण करणं फौजदारी कायद्यातल्या २०१३च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे, हे माहीत असलं तर तक्रार करायला बळ येतं. त्याच २०१३ साली मुंबई महापालिकेत ठराव झाला होता तो मात्र दुकानांबाहेर अंतर्वस्त्रं घातलेले पुतळे नकोत असा. पुतळ्यांवर चर्चा झाली, पडद्याच्या खोलीवर नाही. यातून आपण या विषयात कशाला घाबरतो ते कळतं.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे: फिटर ही शेवटी विक्रेतीच, तिच्या सल्ल्यावर विश्वास कसा ठेवायचा? पूर्ण ठेवू नये. दुकानदाराची अडचणही समजून घेण्यासारखी आहे. सहा पट्टे आणि पाच कप धरले तरी एका नमुन्याचे, एका रंगाचे तीस खोके होतात. दोन रंग ठेवले की साठ. त्यातले अर्धे वर्षभर पडून राहणार. म्हणून छोट्या दुकानांत ३२ ते ४० आणि बहुतेक बीच मिळतो. आता ३० ई लागणाऱ्या बाईला तिथे कोणी ‘तुमचं माप आमच्याकडे नाही’ असं म्हणत नाही. तिला ३४ किंवा ३६मध्ये बसवलं जातं. चांगली फिटर ओळखायची ती इथेच. हात लावण्याआधी ती विचारते, पातळ बनियनवरून माप घेते, अंगावर घातल्यावर पाठ बघितल्याशिवाय बोलत नाही, आणि माप नसेल तर तसं सांगते. ‘ही कशी बसली?’ असं तिला विचारण्यापेक्षा ‘ही नीट बसली आहे हे तुम्ही कशावरून म्हणता?’ असं विचारावं. उत्तरात पट्टा, तार, मधला भाग आले तर ऐकण्यासारखं आहे. ‘एकदम मस्त दिसते ताई’ एवढंच आलं तर नाही.

फिटर नसली तरी हे ज्ञान आपल्याकडे येऊ शकतं, याचा पुरावा वलँगाँगच्याच संशोधकांकडे आहे. खेळाडू किशोरवयीन मुलींच्या काही गटांना त्यांनी ब्राविषयीची माहितीपुस्तिका दिली, काहींना दिली नाही. पुढे तपासलं तेव्हा पुस्तिका मिळालेल्या मुलींची माहितीच नव्हे, त्यांच्या अंगावरच्या ब्राचं बसणंही सुधारलेलं दिसलं. आपल्याकडे मुलीची पहिली ब्रा आई आणते, बहुधा मुलगी सोबत नसताना, वयावरून अंदाज करून. वाढीच्या वर्षांत ते माप काही महिन्यांतच मागे पडतं, आणि मुलगी मात्र पुढची दहा वर्षं तोच आकडा सांगत राहते. पुढे वजन, गरोदरपण, पाजण्याचे महिने, रजोनिवृत्ती, प्रत्येक टप्प्यावर माप हलतं. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर तर डॉक्टरांना विचारून आणि जाणकार फिटरकडूनच ब्रा घ्यावी.

पुण्याच्या तुळशीबागेत दीडशे-दोनशेची घ्या किंवा मॉलमध्ये हजाराची, या तपासणीला पैसे पडत नाहीत. ट्रायल रूम नसेल तर टॅग न काढता घरी, पातळ टी-शर्टवर घालून पाठ, मधला भाग आणि कपची कड एवढं आरशात बघता येतं. मात्र पैसे देण्याआधीच ‘माप नाही बसलं तर उद्या बदलून द्याल ना?’ असं विचारून ठेवावं. नाही म्हणाले तर तीनचा सेट घेऊ नये, एकच घ्यावी.